हाफ तिकीट मिळालं. दुपारच्या फेरीचं काय?

सांजवात

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या काकांनी जिलबी मोडता मोडता विचारलं, "एसटीत अर्धं तिकीट झालं, दर महिन्याला खात्यावर पैसे येतात, पंचायतीत निम्म्या जागा तुमच्या. आता बायकांसाठी सरकारनं अजून काय करायचं?" मी हसून मठ्ठा मागून घेतला. उत्तर सुचलं ते घरी आल्यावर, साडी घडी करताना. तेच इथे लिहिते.

काकांनी मोजली ती सगळी 'बायकांसाठीची' कामं. माझा प्रश्न उरलेल्यांचा आहे. गाड्यांचं वेळापत्रक, कचेरीची वेळ, फॉर्ममधले रकाने, रस्ता आधी कुठला करायचा. ही कामं 'सगळ्यांसाठी' असतात म्हणून ती कोणाला किती लागू पडतात हे कोणी विचारतच नाही.

एसटीच घेऊ. १७ मार्च २०२३ पासून महिला सन्मान योजना आली, साध्या गाडीपासून शिवनेरीपर्यंत बायकांना ५० टक्के सवलत. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरीच्या पुढच्यांना, पुरुष असो की बाई, प्रवास फुकट झाला. मी या सवलतीला नावं ठेवणार नाही. दोनशेचं तिकीट शंभरावर आलं की माहेरी जायला नवऱ्याच्या खिशाकडे बघावं लागत नाही. ते लहान सुख नाही.

पण समजा एका गावाला दोनच गाड्या आहेत. सकाळी सातला तालुक्याला जाणारी आणि संध्याकाळी सहाला परतणारी. नोकरदाराला ही जोडी चपखल बसते. आता त्याच गावातली बाई घ्या. सकाळी सातला तिचं पाणी भरायचं असतं, डबे असतात, धार काढायची असते. ती मोकळी होते दहा-साडेदहाला. तिला बाळाचा डोस द्यायचाय, बँकेत अंगठा लावायचाय, सासूच्या बीपीच्या गोळ्या आणायच्यात, जमलं तर भाजी. आणि पोरं शाळेतून यायच्या आत घरी. एका खेपेत चार कामं, चार ठिकाणं, अंतर थोडं, काखेत पोर आणि हातात पिशवी. ती काय करते? वडापला, म्हणजे खाजगी जीपला, हात करते. तिथे भाडं पूर्ण. म्हणजे सवलत एसटीत आणि बाई वडापमध्ये.

वाहतुकीचा अभ्यास करणाऱ्या इनेस सांचेझ दे मादारियागा या स्पॅनिश बाईंनी अशा फिरण्याला नाव दिलंय, 'काळजीचा प्रवास'. म्हणजे दुसऱ्याचं करण्यासाठी केलेला. पाहणीत हा प्रवास 'खरेदी', 'वैयक्तिक', 'इतर' अशा रकान्यांत फुटून जातो, म्हणून त्याचा आकार दिसत नाही. कामावर जाण्याचा प्रवास मात्र एका रकान्यात ठळक उभा.

आणि हे काम किती असतं याचे आकडे सरकारकडेच आहेत. २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती. करणाऱ्या पुरुषांची ९७. २०२४ ला पुन्हा मोजलं तेव्हा २८९ आणि ८८. दोघांचंही कमी झालं, फरक होता तिथेच. जवळजवळ पाच तास ज्या माणसाचे आधीच बांधलेले आहेत, त्याला सातची गाडी उपयोगाची की साडेअकराची, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. विचारावं मात्र लागतं.

या विचारण्याला 'जेंडर इम्पॅक्ट असेसमेंट' असं भारदस्त नाव आहे. मी साधं म्हणते: निर्णयाआधीची पाहणी. तुमच्या माहितीतल्या अशा 'सगळ्यांसाठी'च्या गोष्टी सांगा. कोणाला बसल्या, कोणाला नाही?

नाकासमोर

ताई, धागा छान, पण दुसरी बाजू मांडतो. रागावू नका. २५ जानेवारी २०२५ ला एसटीची १४.९५ टक्के भाडेवाढ झाली. ती पूर्ण कोणी भरली? रोज कामाला जाणाऱ्या बिगारी पुरुषानं. आणि शिवनेरीनं मुंबई-पुणे करणारी पगारदार बाई अर्ध्यात जाते. गरिबी बघायची की लिंग? पाहणी करायची तर सगळ्यांची करा.

सांजवात

रागवायचं काय, तुम्ही माझंच म्हणणं मांडलंत. पाहणी म्हणजे बायकांची बाजू घेणं नव्हे. कोणाला मिळालं, कोणाला नाही, कोणी भरलं, हे बघणं. त्यात बिगारी पुरुष आलाच. मला विचाराल तर शिवनेरीवरची सवलत काढून ते पैसे दुपारच्या फेऱ्यांना लावले तरी चालतील. (शिवनेरीनं जाणाऱ्या मैत्रिणी हे वाचत नसाव्यात अशी आशा.)

शेवटचा_थांबा

एकतीस वर्षं वाहक म्हणून काम केलं, आता घरी आहे. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, भारमान. फेरी चालू ठेवायची की नाही हे भारमानावर ठरतं. म्हणजे गाडीच्या आसनांच्या मानानं प्रवासी किती आणि किलोमीटरमागे उत्पन्न किती. दुपारच्या फेरीला लांबचा प्रवासी नसतो, टप्प्या-दोन टप्प्यांचे असतात. एक टप्पा सहा किलोमीटरचा. गाडी भरलेली दिसली तरी पेटीत पैसे कमी. त्यामुळे फेऱ्या कमी करायची वेळ आली की बोट आधी दुपारच्या फेरीवर पडतं. यात कोणी वाईट नसतो. डेपोला हिशेब द्यावा लागतो, आणि हिशेबात जी बाई गाडीत चढली तीच येते. जी फाट्यावर वाट बघून वडापनं गेली तिला कोण धरणार?

दुसरी गोष्ट ताईंच्या लक्षात आली नसावी. २०२३ च्या आधी तिकिटावरून प्रवासी बाई की पुरुष हे कळायचं नाही. फुल तिकीट म्हणजे फुल तिकीट. आता सवलतीची रक्कम शासनाकडून वसूल करायची असते, म्हणून मशीनमध्ये सवलतीचा प्रकार निवडून वेगळं तिकीट काढावं लागतं. त्या तिकिटावर कुठून कुठे आणि किती वाजता हे असतंच. म्हणजे बायका कुठल्या फेरीला, कुठे चढतात, कुठे उतरतात हे सगळं आपोआप गोळा होतंय. बिल लावायला ते वापरतात. वेळापत्रक लावायलाही वापरता येईल.

सांजवात

काका, हे खरंच डोक्यात आलं नव्हतं! मी पाहणी करा म्हणतेय आणि निम्मी पाहणी रोज मशीनमध्ये होतेय.

बर्फाळ

स्टॉकहोमहून. इथली एक गोष्ट या विषयावरच्या प्रत्येक भाषणात येते, म्हणून पूर्ण सांगतो, कारण तिचा दुसरा अंक सहसा कोणी सांगत नाही.

स्वीडनमध्ये कार्ल्सकोगा नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या नगरपालिकेनं आपली सगळी कामं स्त्री-पुरुष अशा नजरेनं तपासायला घेतली. कोणीतरी चेष्टेत म्हणालं, निदान बर्फ काढण्यात तरी हा प्रश्न नाही ना. तर नेमका तिथेच निघाला. आधी मोठे रस्ते साफ व्हायचे, पदपथ आणि सायकलवाटा शेवटी. गाडीनं जाणारे जास्त करून पुरुष; चालत, बाबागाडी ढकलत, बसथांब्याकडे जाणाऱ्या जास्त करून बायका. आणि घसरून हातपाय मोडणारे बहुतेक पायी चालणारे. चाकाखाली दहा सेंटिमीटर बर्फ आणि पायाखाली दहा सेंटिमीटर बर्फ यात फरक आहे, हे इथला एक हिवाळा काढला की कळतं. त्यांनी क्रम उलटा केला: आधी पाळणाघरांकडे जाणाऱ्या वाटा, पदपथ, मग मोठे रस्ते. खर्च वाढला नाही.

आता दुसरा अंक. स्टॉकहोमनंही असंच धोरण घेतलं आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये एका दिवसात विक्रमी बर्फ पडला. शहर ठप्प. बसगाड्या अडकल्या, आणि पदपथही साफ नव्हतेच. मग वर्तमानपत्रांत आणि समाजमाध्यमांवर 'स्त्रीवादी बर्फ-सफाई' म्हणून यथेच्छ टवाळी झाली. खरं कारण बर्फ प्रचंड होता आणि यंत्रणा कमी पडली हे, पण टवाळीला कारण लागत नाही. यातून मी घेतलेला अर्थ एवढाच: क्रम बदलणं सोपं, पण तो पाळायला हाताशी यंत्रं हवीत. नाहीतर खापर धोरणाच्या नावावर फुटतं.

गुळपोळी

+१. आणि आमच्याकडे बर्फ नाही म्हणून पदपथच नाहीत.

कारकून_क्र_७

सरकारी कागदांशी माझा रोजचा संबंध, म्हणून जरा कागदी लिहितो.

अर्थसंकल्पासोबत केंद्र सरकार २००५-०६ पासून 'जेंडर बजेट' नावाचं विवरण देतं. भाग 'अ' मध्ये पूर्णपणे बायकांसाठीच्या योजना, भाग 'ब' मध्ये किमान ३० टक्के तरतूद बायकांसाठी असलेल्या. २०२४-२५ पासून तीस टक्क्यांखालच्यांचा तिसरा भागही जोडला. कल्पना चांगली. पण हे विवरण पैसे कुठे ठेवले हे सांगतं, पोचले का हे नाही. ग्रामीण घरकुल योजना भाग 'अ' मध्ये असते, का तर घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर करायचं असतं. म्हणजे घराचा पूर्ण खर्च बायकांच्या खात्यात मांडला. त्या घरात पुरुष राहत नाही काय?

आता फॉर्मचं. 'लाडकी बहीण'च्या पात्रतेच्या यादीत विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार असे शब्द सुरुवातीपासून आहेत, आणि कुटुंबातली एक अविवाहित बाई. म्हणजे योजना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नवरा नसलेली बाई होती. १८ सप्टेंबर २०२५ ला ई-केवायसी सुरू झाली, तिच्यात बाईच्या आधारसोबत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला. ओटीपीसकट. जिचा नवराही गेला आणि बापही गेला, तिनं कोणाचा नंबर टाकायचा? टाकून दिलेल्या बाईनं ज्यानं टाकलं त्यालाच फोन करून ओटीपी मागायचा? नंतर मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली आणि अशा बायकांना मृत्यूचा दाखला, घटस्फोटाची कागदपत्रं देण्याची सोय केली. म्हणजे चूक सुधारली, हे मान्य. पण बघा, ही खास बायकांसाठीची योजना. पात्रता एका टेबलावर लिहिली गेली, स्क्रीन दुसऱ्या टेबलावर. मधल्या टप्प्यावर कोणी पाच मिनिटं विचारलं असतं की यादीतली प्रत्येक बाई हा फॉर्म भरू शकते का, तर पुढची धावपळ वाचली असती. ताईंच्या 'निर्णयाआधीच्या पाहणी'चा याहून स्वस्त नमुना मला माहीत नाही.

शिवारातून

कारकूनसाहेबांनी रकान्याचं काढलं, मी मोजमापाचं काढतो. बीडकडचा आहे.

ऊसतोडीला जाताना मुकादम माणूस मोजत नाही, कोयता मोजतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते, व्यवहार नवऱ्याशी होतो. बाई ऊस तोडते, मोळी बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते, मग कोपीवर, म्हणजे झोपडीवर, येऊन भाकऱ्या थापते. पण हिशेबात ती वेगळी नाहीच, अर्धा कोयता आहे. एकटी बाई जायची म्हटलं तर तिला जोडीदार शोधावा लागतो, कारण अर्ध्या कोयत्याला उचल नाही. आणि कोणी एक दिवस बसलं की खाडा. खाड्याचे पैसे कापले जातात, एकाच्या दुखण्याचा दंड दोघांना.

पाळी हे असं दुखणं आहे की ते दर महिन्याला येतं. फडात ना आडोसा, ना पाणी. मग 'पिशवी काढून टाका' हा सल्ला बायकांना परवडणारा वाटायला लागतो. २०१९ मध्ये बोभाटा झाल्यावर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. ही पाहणी निर्णयाआधीची नव्हती, सगळं होऊन गेल्यानंतरची होती. त्यावर उपाय म्हणून चर्चा झाली ती डॉक्टरांवर बंधनं, परवानगी, तपासणी यांची. ते हवंच. पण कोयता हे माप तसंच राहिलं. माझं म्हणणं असं की मोजायचं एकक बदललं, बाईचा वेगळा हिशेब आणि वेगळी उचल झाली, तर खाड्याचं गणितही बदलेल. आजारपणाची रजा 'अर्ध्या कोयत्या'ला कशी देणार?

शेतीतही तेच. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीच्या खात्यांपैकी बायकांची १३.९६ टक्के. खुरपणी-वेचणी कोण करतं ते सांगत बसत नाही. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे पीककर्ज नाही, विमा नाही, नुकसानभरपाई नाही. योजनेत 'शेतकरी' शब्द आहे, त्यात बाई-पुरुष भेद नाही. भेद तलाठ्याच्या दप्तरात आधीच झालेला असतो.

ओसरीवर

शिवारातून, वाचून सुन्न झाले. जमिनीवरून एक आठवलं. २०२१ पासून बाईच्या नावावर घर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत. पण अट अशी की ते घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही! हेतू चांगला असेल, नवऱ्यानं नाव वापरून घेऊ नये म्हणून. पण बाईला अडचणीत घर विकायचं झालं तर निम्मे गिऱ्हाईक बाद. २०२३ मध्ये ती अट काढली. हे पण आधी कोणीतरी विचारायला हवं होतं.

नाकासमोर

मी इथे भांडायला आलो होतो, कोयत्याचं वाचून गप्प बसलो. एक सांगतो, आमच्या बाजूचं. राज्य सरकारी नोकरीत २०१८ पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. बाईला मिळते. पुरुषाला कधी? बायको वारली असेल किंवा गंभीर आजारानं अंथरुणाला खिळली असेल तर. म्हणजे सरकारच्या लेखी धडधाकट बायको असलेल्या बापानं मूल सांभाळायचं कारणच नाही. वर ताई म्हणतात २८९ आणि ८८. ते ८८ वाढणार कुठून?

सांजवात

नाकासमोर, याच्यासाठी तुम्हाला माझ्याकडून एक जिलबी.

तिसरी_रांग

दोन रांगांची चर्चा चालली आहे म्हणून लिहिते. कर्नाटकात ११ जून २०२३ ला 'शक्ती' योजना सुरू झाली, तीत सरकारी बसचा मोफत प्रवास बायकांबरोबर तृतीयपंथी व्यक्तींनाही दिला. तमिळनाडूनंही दिला. तृतीयपंथींची वेगळी ओळख मान्य करणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा नालसा निकाल आणि त्यांच्या हक्कांचा २०१९ चा कायदा असूनही आपल्याकडे पोलीस भरतीच्या फॉर्मवर तिसरा पर्याय यायला डिसेंबर २०२२ उजाडावा लागला, तोही मुंबई उच्च न्यायालयात गेल्यावर. फॉर्म ऑनलाइन होता. एक पर्याय वाढवायचा होता.

वाहककाका, तुमच्या मशीनचं ऐकून बरं वाटलं, पण मी त्या आकड्यांत कुठे असेन याचा विचार करतेय. फुल तिकिटात, म्हणजे पुरुषांत. कंडक्टर वरपासून खालपर्यंत बघून ठरवतो, ते वेगळंच.

शेवटचा_थांबा

खरं आहे बाई. मी पण तसंच बघायचो. आधार कार्ड मागितलं तर भांडण, नाही मागितलं तर तपासनीस धरणार. अशा वेळी काय करायचं हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं.

ओसरीवर

बसचा विषय निघाला आणि स्वच्छतागृह अजून आलं नाही? प्रवासाला निघायच्या आधी आदल्या रात्रीपासून पाणी कमी प्यायचं, हे आईनं मला शिकवलं, मी मुलीला. मुंबईत २०११ मध्ये 'राइट टू पी' चळवळ सुरू झाली तेव्हाचा मुद्दा साधा होता: पुरुषांची मुतारी फुकट आणि बाईला पैसे. कारण काय, तर ती आत जाते म्हणजे शौचालयच वापरते असं धरायचं. दरपत्रकात बाईच्या लघवीला रकानाच नव्हता! पुण्यात 'मिळून साऱ्याजणी'नं जनहित याचिका केली आणि डिसेंबर २०१५ मध्ये उच्च न्यायालयानं महापालिकांना बायकांसाठी स्वच्छतागृहांची सोय करायचे आदेश दिले. पुण्यातच जुन्या बसगाड्यांची 'ती' स्वच्छतागृहं झाली, ती मला फार आवडली. पण तालुक्याच्या गावी दुपारची फेरी वाढवलीत तर तिथे उतरणाऱ्या बाईला जायला जागा आहे का, हेही त्याच अर्जात विचारा.

सांजवात

अर्जाचंच विचारायचं होतं. काका, माहितीच्या अधिकारात मागितलं तर मशीनमधलं मिळेल का? कोणाकडे मागायचं?

शेवटचा_थांबा

विभाग नियंत्रक कार्यालयातल्या जन माहिती अधिकाऱ्याकडे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत लागतो, म्हणून स्वच्छतागृहाचा वेगळा करा.

'महिला प्रवाशांची माहिती द्या' असं मोघम लिहिलंत तर मोघम उत्तर येईल. मार्ग लिहा. फेरीची सुटण्याची वेळ लिहा. महिला सन्मान सवलतीची तिकिटं किती आणि कुठल्या टप्प्यावरून, असं मागा. एका महिन्याचं मागा, वर्षाचं मागितलंत तर पानांचे पैसे भरत बसाल. सुगीचा महिना टाळा, तेव्हा बाया रानात असतात. आणि एक दिवस फाट्यावर बसून वडापमध्ये किती जणी चढतात ते वहीत लिहा, कारण ते कुठल्याच कार्यालयात मिळायचं नाही. बाजारचा दिवस धरा. तुमच्याकडे बाजार कधी?

सांजवात

शनिवारी. बचत गटातल्या दोघी यायला तयार आहेत, एक म्हणते वही कशाला, मी सगळ्यांना नावानिशी ओळखते.

शेवटचा_थांबा

तरी वही घ्या. कंट्रोलरला नावं नको असतात, वेळ लागते.